रोजनिशीचे कुलूप आणि त्याची परीक्षा

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावात पावसाचे मोजमाप होते, विहिरींची पातळी पाहिली जाते आणि त्या आकड्यांवरून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडला जातो. पाणी किती आहे, यावर पीक कोणते घ्यायचे हे ठरते. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर गावाने जी वाट धरली, तिच्यात झाडे, चर आणि बंधारे यांचा वाटा मोठा आहेच. पण या उघड्या हिशेबाचा वाटाही थोडा नाही. ही वही कुलपात ठेवली असती तर तिचा उपयोगच उरला नसता. आकडा पटला नाही तर भर सभेत उठून विचारता येते, हेच तिचे बळ.

माणसाच्या घरातली दुसरी एक वही मात्र नेमक्या उलट स्वभावाची असते. ती म्हणजे रोजनिशी. कुणाशी वाद झाला, डॉक्टरांनी काय सांगितले, कर्ज किती उरले, नोकरी सोडावी की टिकवावी, हे सारे तिच्यात उतरते आणि ते ग्रामसभेपुढे मांडण्याजोगे नसते. कागदी रोजनिशी कपाटात, कपड्यांच्या घडीखाली राहत असे. ती संगणकावर आली तेव्हा तिला पासवर्ड लावण्याची सोयही आली. पासवर्ड विचारला जातो त्या अर्थी मजकूर सुरक्षित असणारच, असे बहुतेकांना वाटते. हा समज कितपत खरा आहे आणि तो तपासायचा कसा, हे समजून घ्यायला ‘जेआरएनएल’ ही छोटीशी आज्ञावली फार उपयोगी पडते.

चार अक्षरांची वही

इंग्रजी ‘जर्नल’ या शब्दातले स्वर गाळले की ही चार अक्षरे उरतात. मॅन्युएल एबर्ट यांनी २०१२ च्या सुमारास ती तयार केली. पुढे तिची देखभाल स्वयंसेवकांकडे आली. तिला रंगीत खिडक्या नाहीत, चित्रे नाहीत, माऊसचे काम नाही. संगणकाच्या काळ्या पडद्यावर, जिथे नुसत्या आज्ञा टंकित करायच्या असतात, तिथे ही चार अक्षरे लिहावीत, पुढे दिवसाची हकीकत लिहावी आणि एंटर दाबावे. तारीख-वेळ आपोआप पडते आणि नोंद एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये जाऊन बसते. ही फाइल कोणत्याही संगणकावर, कोणत्याही साधनाने वाचता येते. वीस वर्षांनी ही आज्ञावली नामशेष झाली तरी रोजनिशी वाचता येईल, हा त्यातला मोठा फायदा. अर्थात हाच तोटाही आहे, कारण ती फाइल शेजारच्या टेबलावरच्या माणसालाही वाचता येते.

म्हणून आज्ञावलीत ‘एन्क्रिप्ट’ अशी एक आज्ञा आहे. ती दिली की पासवर्ड दोनदा विचारला जातो आणि संपूर्ण रोजनिशी कूटबद्ध होते. फाइल उघडली तर अक्षरांची निरर्थक रांग दिसते. ‘डिक्रिप्ट’ ही उलटी आज्ञा दिली की मजकूर पूर्ववत होतो.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी लागते. आपण ज्याला पासवर्ड म्हणतो, ती खरी किल्ली नव्हे. कूटबद्ध करणाऱ्या गणिताला ठरावीक लांबीची, कोणताही क्रम नसलेली किल्ली लागते. माणसाच्या डोक्यात राहणारा शब्द तसा नसतो. त्यामुळे शब्दापासून किल्ली घडवण्याची एक पायरी मध्ये असते आणि कुलूप बहुतेक वेळा याच पायरीवर कच्चे निघते.

जेआरएनएलच्या पहिल्या आवृत्तीत ही पायरी फार छोटी होती. पासवर्ड एका गणिती चरकातून एकदाच पिळून काढला की किल्ली तयार. चरक उत्तम होता, पण तो वेगवानही होता, आणि वेग इथे चोराच्या उपयोगी पडतो. समजा कुणी आपली जन्मतारीख पासवर्ड म्हणून ठेवली. शंभर वर्षांत साधारण ३६,५२५ तारखा येतात. सेकंदाला लाखो वेळा चरक फिरवणाऱ्या यंत्राला त्या साऱ्या तपासायला डोळ्याची पापणी लवण्याइतका अवधी पुरतो. २०१९ मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीने हे बदलले. आता किल्ली घडवताना तोच चरक १,००,००० वेळा फिरतो. मालकाला रोजनिशी उघडताना किंचित विलंब होतो, एवढेच. चोराला मात्र प्रत्येक अंदाजामागे तेवढाच विलंब सोसावा लागतो. एका अंदाजाला सेकंदाचा दहावा भाग लागतो असे धरले, तर सगळ्या जन्मतारखा तपासायला सुमारे एक तास लागेल. म्हणजे सुधारणा झाली, पण जन्मतारीख ती जन्मतारीखच! दोन हजार शब्दांच्या यादीतून डोळे मिटून सहा शब्द उचलले, तर सेकंदाला दहा लाख अंदाज करणाऱ्या यंत्रालाही सारी जुळणी संपवायला वीस लाख वर्षे लागतील.

आणखी एक बारकावा आहे. किल्ली घडवताना पासवर्डात थोडे ‘मीठ’ मिसळतात. मीठ म्हणजे प्रत्येकासाठी वेगळी असावी अशी अक्षरांची एक चिमूट. पुण्यातल्या आणि नागपुरातल्या दोघांनी योगायोगाने एकच पासवर्ड ठेवला तरी मीठ वेगळे असल्याने दोघांच्या किल्ल्या वेगळ्या होतात. जेआरएनएलमध्ये हे मीठ सर्वांना एकच आहे आणि ते आज्ञावलीतच लिहून ठेवले आहे. परिणामी एकसारख्या पासवर्डांची किल्ली एकसारखीच निघते, आणि नेहमीच्या पासवर्डांच्या किल्ल्या आधीच घडवून ठेवणे एखाद्याला शक्य होते. हा उणेपणा आहे. तो झाकलेला नाही, कारण आज्ञावली मुक्तस्रोत आहे. तिची प्रत्येक ओळ कुणालाही वाचता येते.

सकळ लिपीची गोष्ट

कुलपाची रचना अशी उघड्यावर मांडली तर ते तुटणार नाही का, हा प्रश्न साहजिक आहे. महाराष्ट्रात याच्या उलट प्रयोग फार पूर्वी होऊन गेला आहे.

चक्रधरस्वामींच्या आठवणी त्यांच्या पश्चात म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, विदर्भातल्या ऋद्धिपूर येथे जमवल्या. तेच ‘लीळाचरित्र’. स्वामी कुठे उतरले, कोण भेटले, काय बोलणे झाले, काय जेवण झाले अशा दिवसादिवसाच्या हकीकतींनी हा ग्रंथ भरलेला आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या गोदाकाठचे डोमेग्रामही त्यात येते. एका परीने ती एका थोर माणसाची, इतरांनी लिहिलेली रोजनिशीच होय. पुढे चौदाव्या शतकात महानुभावांनी आपले ग्रंथ परक्यांच्या हाती पडू नयेत म्हणून गुप्त लिप्यांत उतरवायला सुरुवात केली. सकळ, सुंदरी अशी या लिप्यांची नावे. सकळ लिपीचे जनकत्व रवळोबासांकडे दिले जाते. तत्त्व सोपे होते: एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर किंवा चिन्ह लिहायचे आणि हा जुळणीचा तक्ता पंथाबाहेर जाऊ द्यायचा नाही.

तक्ता शतकानुशतके बाहेर गेला नाही, हे खरे. पण त्याची किंमत पंथाने मोजली. ग्रंथ वाचताच येत नसल्याने बाहेरच्यांनी त्यांच्याविषयी काय वाटेल ते तर्क बांधले, आणि मराठीचे आद्य गद्य मराठी वाचकांच्या नजरेआड राहिले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा केला आणि वि. ल. भावे यांनी ‘महाराष्ट्र सारस्वत’मधून महानुभाव वाङ्मयाची ओळख सर्वसामान्य वाचकांना करून दिली.

अक्षराला अक्षर अशी जुळणी असलेली लिपी चिकाटीच्या अभ्यासकापुढे टिकत नाही. भाषेत काही अक्षरे वारंवार येतात, काही क्वचित. लिपी बदलली तरी ही वारंवारिता बदलत नाही. नवव्या शतकातल्या अरब विद्वान अल-किंदीने या मार्गाने गुप्त लेखन फोडण्याची रीत लिहून ठेवली आहे. सकळ लिपीत किल्ली आणि कुलूप या दोन वेगळ्या गोष्टीच नव्हत्या. तक्ता हेच कुलूप आणि तीच किल्ली. एका पोथीचा तक्ता कळला की त्या लिपीतल्या साऱ्या पोथ्या उघड्या.

१८८३ मध्ये ऑगस्त केर्कहॉफ्स यांनी एका फ्रेंच लष्करी नियतकालिकात लेख लिहून या दोहोंची फारकत केली. रचना शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये. गुप्त ठेवायची ती फक्त किल्ली, हा त्यांचा आग्रह होता. आजचे सारे कूटशास्त्र त्यावर उभे आहे. अमेरिकेने १९९७ मध्ये नवी कूटपद्धती ठरवताना जगभरातून प्रस्ताव मागवले. पंधरा रचना सर्वांसमोर ठेवल्या गेल्या, त्या फोडण्याचे जाहीर प्रयत्न झाले, त्यांतून पाच उरल्या आणि शेवटी योआन डेमेन व व्हिन्सेंट रेमेन या बेल्जियन गणितज्ञांची रचना २००१ मध्ये ‘एईएस’ या नावाने मान्य झाली. जेआरएनएलचे कुलूप याच एईएसचे आहे. थोडक्यात, रचना ग्रामसभेपुढे आणि किल्ली ज्याच्या त्याच्या खिशात.

परीक्षा कशी घेतात?

या आज्ञावलीच्या परीक्षा जवळजवळ बोलीभाषेतल्या इंग्रजीत लिहिलेल्या आहेत. ‘समजा एक कुलूपबंद रोजनिशी आहे; तिची शेवटची नोंद मागितली आणि अमुक पासवर्ड दिला; तर अमुक तारखेची नोंद दिसली पाहिजे’ असा त्यांचा साचा. या परीक्षांसाठी ठेवलेला पासवर्ड मोठा मजेदार आहे: ‘बॅड डॉगी नो बिस्किट’, म्हणजे कुत्र्याने खोडी केली, आता बिस्कीट नाही! आज्ञावलीत कुणीही काही बदल केला की या साऱ्या परीक्षा यंत्र पुन्हा पुन्हा घेते. कुलूप लावले तर लागते का, काढले तर निघते का, पासवर्ड दोनदा लिहिताना दोन्ही वेळा वेगळा पडला तर हरकत घेतली जाते का, हे त्यातून कळते. तीनदा चुकीचा पासवर्ड दिला की ‘अत्यंत चुकीचा पासवर्ड’ अशा अर्थाचा शेरा मारून आज्ञावली काम थांबवत असे.

मात्र या प्रकारच्या परीक्षेची मर्यादा ओळखायला हवी. समजा एखाद्या लबाड आज्ञावलीने पासवर्ड विचारला, तो बरोबर असला तरच मजकूर दाखवला, आणि मूळ फाइल मात्र तशीच उघडी ठेवली. ‘योग्य पासवर्डने उघडते, अयोग्य पासवर्डने उघडत नाही’ ही परीक्षा ती सहज उत्तीर्ण होईल. दाराशी पहारेकरी आहे, पण मागची भिंतच नाही, असा हा प्रकार. तीन प्रयत्नांची मर्यादाही तशीच आहे. ज्याच्या हाती फाइल पडली तो जेआरएनएलला विचारायला येणारच नाही. तो आपल्या यंत्रावर, आपल्या आज्ञावलीने हवे तेवढे प्रयत्न करील.

म्हणून खरी परीक्षा दारात न घेता फाइलवर घ्यावी लागते, आणि ती घरबसल्या घेता येते. रोजनिशीत सहसा न वापरला जाणारा एखादा शब्द लिहावा, ‘पिंपळपान’ म्हणा किंवा ‘खडकवासला’. कुलूप लावावे. मग फाइल साध्या मजकूर-साधनात उघडून तो शब्द शोधावा. तो सापडता कामा नये. दुसऱ्या आवृत्तीनंतरच्या फाइलच्या आरंभी इंग्रजी लहान ‘जी’ आणि त्यामागे ओळीने पाच मोठे ‘ए’ दिसतात. ही ‘फर्नेट’ नावाच्या बांधणीची खूण. नंतर तोच मजकूर पुन्हा एकदा त्याच पासवर्डने बंद करावा. दोन्ही वेळच्या फाइली वेगळ्या निघाल्या पाहिजेत. सारख्या निघाल्या तर नुसत्या तुलनेने ‘काल काही लिहिले नाही’ हे परक्याला कळू शकते. तिसरी परीक्षा थोडी निर्दय आहे. फाइलची एक प्रत घेऊन तिच्यातले मधले एखादे अक्षर बदलावे आणि योग्य पासवर्ड द्यावा. फर्नेटमध्ये मजकुरावर एक गणिती मोहोरही उठवलेली असते. एका अक्षराचाही फेरफार झाला की मोहोर जुळत नाही आणि फाइल उघडत नाही.

फर्नेटच्या सुरुवातीच्या भागात बंद करण्याची वेळ नोंदलेली असते आणि ती कूटबद्ध नसते, हेही ठाऊक असलेले बरे. मजकूर कळला नाही तरी रोजनिशी शेवटची केव्हा लिहिली आणि ती साधारण किती मोठी आहे, हे पाहणाऱ्याला कळते. बहुतेकांचे यात काही बिघडणार नाही. ज्याचे बिघडू शकते, त्याला हे आधी माहीत असावे.

‘पिंपळपान’ हा शब्द मग साऱ्या संगणकावर शोधावा. इथे अनेकांना धक्का बसतो. काळ्या पडद्यावर दिलेल्या आज्ञांचा इतिहास संगणक एका फाइलमध्ये जपून ठेवत असतो, आणि नोंद थेट आज्ञेच्या ओळीवरच लिहिली असेल तर ती तिथे जशीच्या तशी सापडते. वही तिजोरीत आणि टिपकागद टेबलावर! नोंद वेगळ्या लेखन-साधनात लिहिली तरी धोका टळत नाही. ‘व्हिम’सारखी साधने वीज गेल्यास मजकूर वाचावा म्हणून तात्पुरत्या प्रती करतात. कुलूप लावण्यापूर्वी घेतलेली राखीव प्रत इंटरनेटवरच्या साठ्यात पडून असते, ती वेगळीच. जेआरएनएलच्या माहितीपत्रकात आज्ञांच्या इतिहासाविषयी आणि लेखन-साधनांविषयी स्पष्ट इशारे दिलेले आहेत. माहितीपत्रक वाचतो कोण, हा प्रश्न वेगळा.

मराठी पासवर्डचा पेच

मराठी माणसाने पासवर्ड मराठीत ठेवावा, असे कुणी सुचवले तर ते वावगे नाही. फोडणारे सहसा इंग्रजी शब्दांच्या याद्या आधी चालवतात, हा त्यात फायदाही आहे. पण इथे एक खास आपल्या लिपीचा पेच आहे, आणि परदेशी परीक्षकांच्या तो ध्यानात येण्याचे कारण नाही.

‘वाऱ्यावरची’ या शब्दातले ‘ऱ’ हे अक्षर युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येते: एक अखंड अक्षर म्हणून, किंवा ‘र’ आणि खाली नुक्ता असे जोडून. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात. पण किल्ली घडवणारा चरक डोळ्यांनी पाहत नाही, तो अक्षरामागचे आकडे पाहतो आणि ते आकडे वेगळे आहेत. ‘ॲ’ची गोष्ट आणखी नाजूक. ‘अ’वर चंद्र देऊन ते पूर्वीपासून लिहिले जाई, २००८ मध्ये युनिकोडने त्यासाठी स्वतंत्र अक्षर दिले. ‘ऱ’च्या दोन रूपांना युनिकोड निदान समान मानते, त्यामुळे एखादी आज्ञावली ती आधी एकसारखी करून घेऊ शकते. ‘ॲ’च्या दोन रूपांना तेवढेही नाते नाही. घरच्या संगणकावर एका कळफलकाने ठेवलेला पासवर्ड मुलीच्या लॅपटॉपवर दुसऱ्या कळफलकाने अचूक टंकित केला, तरी तो ‘चुकीचा’ ठरू शकतो. पासवर्ड लिहिताना अक्षरे दिसत नसल्याने चूक कुठे झाली हेही कळत नाही. तेव्हा मराठी पासवर्ड ठेवायचाच असेल तर ‘ऱ’, ‘ॲ’ यांना वगळून साध्या अक्षरांचे शब्द घ्यावेत, आणि तो किमान दोन वेगळ्या कळफलकांवर चालवून पाहावा.

किल्ली हरवली तर

बँकेचा पासवर्ड विसरला तर बँक नवा देते, कारण पैसे बँकेकडे असतात आणि ग्राहक कोण हे तिला ठाऊक असते. रोजनिशीचे तसे नाही. पासवर्ड विसरला की मजकूर गेला. जेआरएनएलकडे कोणतीही राखीव किल्ली नाही. ती असती तर कुलपाला अर्थ उरला नसता.

यात आणखी एक गोम आहे. सारी रोजनिशी एकाच गाठोड्यात बांधलेली असते. साध्या मजकुराच्या फाइलमध्ये एखादे अक्षर बिघडले तर तेवढे अक्षर जाते. कुलूपबंद फाइलमध्ये एक अक्षर बिघडले तर मोहोर जुळत नाही आणि दहा वर्षांच्या नोंदी एकदम मुक्या होतात. मघाशी सांगितलेली निर्दय परीक्षा डिस्क खराब झाल्यावर आपोआप घेतली जाते. त्यामुळे एकाहून अधिक ठिकाणी प्रती ठेवणे कुलूप लावल्यावर अधिकच गरजेचे होते.

लीळाचरित्राच्या वाट्याला हेही आले होते. चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या धाडीत म्हाइंभटांची मूळ प्रत नाहीशी झाली. ग्रंथ वाचला तो अनेकांना पाठ होता म्हणून. हिराइसा आणि इतरांनी आपापल्या स्मरणातून तो पुन्हा उभा केला आणि त्यामुळेच त्याचे वेगवेगळे पाठ आज मिळतात. खासगी रोजनिशी कुणी पाठ करीत नाही. तिचा मालकच तिचा एकमेव साक्षीदार.

तेव्हा शेवटची परीक्षा राखीव प्रतीची. ती दुसऱ्या संगणकावर न्यावी, तिथे आज्ञावली नव्याने बसवावी, आणि पासवर्ड आठवणीतून लिहावा. घरच्या संगणकाने तो स्वतःच्या साठ्यात जपून ठेवला असेल तर मालकाला तो महिनोन्‌महिने लिहावाच लागलेला नसतो. आठवतो की नाही, हे इथेच कळते. हा प्रयोग रोजनिशी लहान असताना करणे सोयीचे. आपल्यामागे ती कुणी वाचावी अशी इच्छा असेल तर पासवर्ड बंद पाकिटात, मृत्युपत्रासोबत ठेवण्याची जुनी रीत अजूनही चालते; फक्त पाकिटावर तारीख घालावी, कारण पासवर्ड बदलला की पाकीटही बदलावे लागते.